कानामागची पट्टी सुटल्यावर

शस्त्रक्रिया करून मूल घरी आले की पहिल्याच संध्याकाळी खोली माणसांनी भरते. शेजारच्या मावशी येतात, आत्या येते, गल्लीतली पोरे दारात उभी राहतात. मग कोणीतरी मुलाच्या पाठीमागे जाऊन जोरात टाळी वाजवते. मूल वळत नाही. दुसरे कोणी ताटावर चमचा आपटते. मूल तरीही आपल्या बाहुलीतच गुंग. आईचा चेहरा उतरतो आणि आजी बोलून जाते, "एवढ्याशा जिवाचं डोकं कापलं, आणि झालं काय?"

काही झाले नाही, कारण अजून काही व्हायचेच नव्हते. मशीन बसवले आहे, पण सुरू केलेले नाही. ते सुरू व्हायला साधारण तीन-चार आठवडे लागतात, आणि सुरू झाल्यावरही मूल लगेच ऐकून समजू लागत नाही. डॉक्टरांनी हे ऑपरेशनच्या आधी सांगितलेले असते, पण त्या दिवशी आईबापाच्या डोक्यात भूल, रक्त आणि सह्यांचे कागद यापलीकडे काही शिरत नाही. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर तेच सावकाश सांगते. समजायला सोपे जावे म्हणून अडीच वर्षांची एक मुलगी डोळ्यांपुढे धरू. तिला छकुली म्हणू.

आपला आतला कान गोगलगायीच्या शंखासारखा असतो, सुमारे अडीच वेढ्यांचा. त्यात केसासारख्या बारीक टोकांच्या पेशी असतात. आवाजाने ती टोके हलतात आणि त्याची खबर नसेतून मेंदूकडे जाते. छकुलीच्या या पेशी जन्मापासूनच काम करत नाहीत. साधे श्रवणयंत्र आवाज फक्त मोठा करते, आणि पेशीच बंद असतील तर मोठ्या आवाजाचाही फारसा उपयोग नसतो. कॉक्लिअर इम्प्लांट या पेशींना बाजूला ठेवून थेट नसेला विजेचे अगदी हलके संकेत देते. त्याचा एक भाग कानामागे कातडीखाली असतो, आणि त्यातून निघालेली मऊ तार आतल्या शंखात सरकवलेली असते. त्या तारेवर कंपनीनुसार १२ ते २२ ठिकाणांहून संकेत सुटतात. दुसरा भाग बाहेर. कानावर अडकवायचा प्रोसेसर आणि त्याला वायरने जोडलेली गोल चकती, म्हणजे कॉइल. चकती लोहचुंबकाने डोक्याला चिकटते. कातडीतून आरपार वायर जात नाही, त्यामुळे "डोक्यात भोक ठेवलंय" ही गल्लीतली चर्चा खोटी आहे.

ही तार शंखाच्या वेढ्यांत न मोडता सरकवायची कशी, हा मोठा प्रश्न होता. ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर ग्रॅम क्लार्क १९७७ साली सुट्टीत समुद्रकिनारी बसले असताना त्यांनी सापडलेल्या एका शंखात गवताची पाती सरकवून पाहिली. टोकाला लवचीक आणि मागे ताठ होत गेलेली पाती आतले वळण घेत खोल गेली. पुढच्याच वर्षी मेलबर्नमध्ये त्यांनी आपल्या पहिल्या रुग्णावर शस्त्रक्रिया केली.

आता घरातल्या पहिल्या दिवसांकडे येऊ. डोक्याची पट्टी डॉक्टर काही दिवसांत काढतात, टाके साधारण आठवडा-दहा दिवसांत पाहतात. काही टाके आपोआप विरघळणारे असतात, तेव्हा आपले कोणते आहेत ते घरी निघतानाच सिस्टरला विचारून घ्या. डॉक्टर सांगेपर्यंत जखमेला पाणी लागू द्यायचे नाही, अंग पुसून काढायचे. डोक्यातून घालायचे कपडे बाजूला ठेवा, पुढे बटणे असलेला सदरा बरा, म्हणजे कानावरून ओढाताण होत नाही. झोपताना दुसऱ्या कुशीवर. चालताना थोडा झोक जाणे, चिडचिड, खाणे कमी होणे हे काही दिवस चालू शकते. आतला कान तोलही सांभाळतो, त्याला धक्का बसलेला असतो. औषधाचा कोर्स मूल खेळायला लागले म्हणून मध्येच सोडू नका.

आपल्याकडची एक सवय इथे नडते. बाळाच्या कानात कोमट तेल घालणे, टाळूवर तेल थापणे. छकुलीच्या कानात तेलाचा थेंबही नको. आजी प्रेमाने वाटी घेऊन येईल, तिला आधीच सांगून ठेवा. डोक्याला तेल लावायचे तर जखम पूर्ण भरल्यावर, आणि चकतीच्या जागेवर तेव्हाही नको. कान टोचायचे राहिले असतील तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

कानामागे सूज वाढली, लाली आली, पाणी किंवा पू आला, ताप चढला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. तोंड एका बाजूला वाकडे दिसले, नाकातून पाण्यासारखे पातळ गळू लागले, उलट्या, मान ताठ, मूल सुस्त पडले असे काही दिसले तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना. मेंदूज्वर ही गोष्ट दुर्मीळ आहे, पण इम्प्लांट झालेल्या मुलांना तिचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो. म्हणूनच शस्त्रक्रियेआधी न्यूमोकोकलच्या लसीची चौकशी करतात. सरकारी लसीकरणात ती दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयांत मोफत मिळते. छकुलीचे लसीकरण कार्ड काढून पाहा, एखादा डोस राहिला असेल किंवा कार्डच हरवले असेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. पुढेही तिचा कान दुखला, ताप आला तर "सर्दीचं आहे" म्हणून मेडिकलमधून गोळी आणून भागवू नका.

तीन-चार आठवड्यांनी मशीन सुरू करण्याचा दिवस येतो. त्याला सगळे 'स्विच ऑन' म्हणतात. मोबाइलवर असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. बाळाला आईचा आवाज ऐकू येतो आणि ते हसते, सगळे रडतात. असे होते, पण प्रत्येकाचे होत नाही. छकुली कदाचित घाबरून रडेल. कदाचित खेळता खेळता एकदम थांबेल, डोळे मोठे करील, आईच्या कुशीत शिरेल. कदाचित काहीच करणार नाही. अडीच वर्षे शांततेत राहिलेल्या मेंदूला पहिला आवाज हा आवाज आहे हेही ठाऊक नसते. त्या दिवशी मोबाइल धरून सात माणसे खोलीत नेऊ नका. आई आणि आणखी एक जण पुरे.

त्या दिवशी ऑडिओलॉजिस्ट संगणकाला मशीन जोडून तारेवरच्या एकेका ठिकाणी किती हलका संकेत मुलाला जाणवतो आणि किती मोठा सोसतो ते ठरवतात. याला मॅपिंग म्हणतात. सुरुवातीला मुद्दाम कमी ठेवून नंतर टप्प्याटप्प्याने वाढवतात. त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत वरचेवर बोलावतात, पुढे अंतर वाढत जाते. मशीनमध्ये बहुधा तीन-चार प्रोग्राम भरून देतात आणि आठवड्यागणिक पुढच्यावर जायला सांगतात. आज कोणत्या प्रोग्रामवर आहोत ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. मॅपिंगची तारीख चुकवली की मूल कमी आवाजावरच अडकून राहते, आणि घरचे म्हणतात मशीन चालत नाही.

रोजी बुडते, गाडीभाडे लागते, हे खरे आहे. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड लवकर काढा. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. सोबतच्या माणसाला काय मिळते ते डेपोत विचारा. मशीन बसले म्हणून कार्ड मिळत नाही असे कोणी सांगितले तर ऐकू नका. मशीन काढले की छकुलीला काहीच ऐकू येत नाही.

आता मुख्य गोष्ट. मशीन किती तास कानावर असते, यावर पुढचे जवळजवळ सगळे ठरते. सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री डोळे मिटेपर्यंत, फक्त आंघोळ आणि झोप सोडून. "थेरपीला जाताना लावतो", "बाहेर पडलं की काढून ठेवतो, हरवेल" हे फार घरांत चालते. भीती खोटी नाही. लाखांची वस्तू पत्र्याच्या घरात सांभाळणे सोपे नसते. पण कपाटात ठेवलेल्या मशीनने मूल काही शिकत नाही. आजकालच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये रोज किती तास लावले त्याची नोंद आपोआप होते आणि मॅपिंगच्या वेळी ती संगणकावर दिसते, तेव्हा तास वाढवून सांगण्यात अर्थ नाही. खरे सांगितले तर ते उपाय सुचवतील.

छकुली चकती ओढून काढणारच, तिचे वयच ते आहे. ओरडायचे नाही, पळत जाऊन मोठा तमाशाही करायचा नाही, नाहीतर तिला तो खेळ वाटेल. शांतपणे परत लावायची. दिवसातून चाळीस वेळा काढली तर चाळीस वेळा. प्रोसेसरला दोरी आणि क्लिप असते, ती फ्रॉकच्या मागच्या बाजूला अडकवा. सुती पातळ टोपी किंवा रुंद पट्टा चालतो. चकतीखालची कातडी रोज रात्री बघा. लाल झाली असेल तर चुंबक जास्त ताकदीचा आहे, तो बदलून मिळतो.

मशीन चालू आहे की नाही हे रोज सकाळी पाहायची एक सोपी तपासणी आहे. डॅनियल लिंग नावाच्या तज्ज्ञांनी ती बसवली. सहाच आवाज: आ, ई, ऊ, म, श, स. बोलण्यातले जाड आवाज 'म' आणि 'ऊ'मध्ये येतात, सगळ्यात बारीक 'स'मध्ये. मुलाच्या शेजारी, मशीनच्या बाजूला, तोंड दिसणार नाही असे बसा. नेहमीच्या आवाजात एक ध्वनी काढा. आवाज आला की छकुलीने बाटलीचे झाकण डब्यात टाकायचे. सुरुवातीला बाबाने करून दाखवायचे, आठ-पंधरा दिवसांत मुलाला खेळ कळतो. काल सहाही ऐकणारे मूल आज 'स' आणि 'श' ऐकत नसेल तर बॅटरी, वायर, मायक्रोफोन बघा. ते ठीक असूनही तसेच राहिले तर केंद्राला फोन करा. दोन मिनिटांचे काम आहे, दात घासण्याबरोबर करून टाका.

थेरपिस्टकडे आठवड्यातून एक-दोन तास मिळतात. बाकीचे सगळे तास घरात आहेत. तिथे महागडी खेळणी लागत नाहीत. नळावर, चुलीपाशी, विहाराच्या पायरीवर जे चालले आहे तेच बोलायचे. कपडे पिळताना "पिळ, पिळ, पिळ... पाणी गेलं!" कुकरची शिट्टी झाली की हातातले काम थांबवा, कानाला बोट लावा, "ऐकलंस? शिट्टी!" म्हणा आणि मग कुकर दाखवा. क्रम महत्त्वाचा आहे. आधी आवाज, मग वस्तू. आपण बहुधा उलटे करतो. वस्तू हातात देऊन नाव सांगतो, आणि मूल डोळ्यांनी सगळे समजून घेते, कानाला कामच उरत नाही. पूर्ण वाक्ये बोला, घरात जी बोली बोलता तीच बोला. वऱ्हाडी असो की मालवणी, मुलासाठी मुद्दाम पुस्तकी मराठी किंवा मोडके इंग्रजी आणू नका. विचारले की थांबा. मनात पाच-सहा आकडे मोजा. आपल्याला ती शांतता अवघड वाटते, मुलाला ती लागते.

वस्तीत गोंगाट फार, हे थेरपिस्टला कधी कधी कळत नाही. एका खोलीत टीव्ही, शेजारी मिक्सर, वर पत्रा, बाहेर भांडण. मशीनला यातला कोणता आवाज आईचा हे आपल्या कानाइतके चांगले निवडता येत नाही. म्हणून जवळ बसून बोला, हातभर अंतरावर. पुरुष माणसे कामाला गेल्यावर, पाण्याची वेळ संपल्यावर जो निवांत तास मिळतो तो छकुलीचा, आणि त्या तासात टीव्ही बंद. पत्र्याच्या किंवा विटांच्या उघड्या भिंतीला जाड गोधडी टांगली तर घुमणे कमी होते. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत तिला खांद्यावर घेऊन जरूर जा, पण डीजेच्या भिंतीपाशी नको. मशीन फार मोठा आवाज दाबते, तरी त्या धडधडीत बोलणे बुडून जाते आणि मूल चकती काढून फेकते. त्यापेक्षा सकाळच्या वंदनेला पुढे घेऊन बसा. सगळे एका सुरात, सावकाश, तेच शब्द रोज म्हणतात. ऐकायला शिकणाऱ्या मुलाला याहून चांगली शाळा मिळणे कठीण.

किती दिवसांत बोलेल, हा प्रश्न सगळे विचारतात. छकुलीचे वय अडीच, पण कानाचे वय मशीन सुरू झाल्या दिवसापासून मोजायचे. जन्मलेले बाळ वर्षभर ऐकते आणि मग पहिला शब्द काढते, तेवढी सवलत तिलाही द्या. आधी दार आपटल्यावर दचकेल. मग नाव घेतल्यावर वळेल. मग "ये", "नको", "टाटा" कळेल. बोलणे त्यानंतर येते. एखाद्याला सहा महिन्यांत शब्द येतात, एखाद्याला वर्ष-दीड वर्ष लागते. लहान वयात शस्त्रक्रिया झाली तर वेग चांगला असतो, कारण पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत मेंदूचा ऐकण्याचा भाग सगळ्यात लवकर घडतो. शेजारणीच्या मुलाशी तुलना करू नका. वहीत तारीख घालून लिहा: आज कशाला वळली, आज काय म्हणाली. सहा महिन्यांनी ती वही वाचली की आपल्यालाच पटते.

तोवर तिच्या हाताच्या खुणा बंद पाडू नका. काही ठिकाणी खुणा केल्या तर मूल बोलणार नाही असे सांगतात. माझे मत वेगळे आहे. भूक, लघवी, दुखणे सांगायला तिच्याजवळ आज हातच आहेत. खुणेला उत्तर द्या, आणि उत्तर देताना तोंडाने बोला. ज्या मुलांना इम्प्लांट बसत नाही, किंवा बसूनही ज्यांना फारसा उपयोग होत नाही, त्यांच्यासाठी भारतीय सांकेतिक भाषा ही व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे. ती शिकणारे मूल कमी पडलेले मूल नव्हे.

आणि आईला दोष देणे थांबवा. "ग्रहण पाळलं नाही", "मागच्या जन्मीचं", "कुणाची तरी नजर" असे आपल्याही घरांत अजून कानावर येते, बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या असतात तिथेही. जन्मतः बहिरेपणाची कारणे ठाऊक आहेत. बऱ्याच मुलांत ते जनुकांतून येते, आईबाप दोघे उत्तम ऐकणारे असूनही. मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न झाले असेल तर शक्यता वाढते. गरोदरपणात झालेला रुबेला, कमी दिवसांचे बाळ, जन्मानंतरची तीव्र कावीळ, मेंदूज्वर ही इतर कारणे. यात एकट्या आईचे काय चुकले? पुढचे मूल हवे असेल तर दोघांनी मिळून डॉक्टरांशी बोलावे, आणि त्या बाळाची श्रवणतपासणी जन्मल्यावर महिन्याच्या आत करून घ्यावी.

पैशाचे थोडे. केंद्राच्या ॲडिप योजनेत आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून लहान मुलांना हे मशीन मोफत मिळू शकते. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलासाठी ॲडिपमध्ये पाच वर्षांची वयोमर्यादा आहे. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था तिची मुख्य यंत्रणा आहे. अंगणवाडीत तपासणीला येणारे पथक जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी देते. हे बहुतेकांना शेवटी कळते. पण ऑपरेशन मोफत झाले तरी वायर मोफत राहत नाही. सगळ्यात आधी तुटते ती चकतीची वायर, आणि वॉरंटी संपल्यावर तिला हजारोंनी पैसे पडतात. कितीतरी मशीन एवढ्याचसाठी डब्यात जाऊन बसतात. वॉरंटी कधी संपते ती तारीख लिहून ठेवा, संपायच्या महिनाभर आधी सगळे तपासून घ्या. बचत गटात दरमहा छकुलीच्या नावाने थोडे वेगळे टाका. वाढदिवसाला खेळणे आणणाऱ्या मामाकडे वायरचे पैसे मागायला लाजू नका.

पावसाळ्यात रोज रात्री बॅटरी काढून प्रोसेसर सुकवायच्या डब्यात ठेवायचा. त्यातल्या ओल शोषणाऱ्या गोळ्यांचा रंग बदलला की त्या बदलायच्या. रिचार्जवाल्या दोन बॅटऱ्या आळीपाळीने चार्ज करा, लाइट कधी जाईल सांगता येत नाही. बटणासारख्या बॅटऱ्या वापरत असाल तर वापरलेलीसुद्धा मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळली तर अन्ननलिका जळते, लगेच मोठ्या रुग्णालयात न्या.

अंगणवाडीत, बालवाडीत सोडताना बाईंना चकती लावून दाखवा, काढून दाखवा, त्यांच्या हातानेही एकदा लावून घ्या. पहिली रांग, मशीनचा कान बाईंच्या बाजूला, खिडकीपासून लांब. डोक्यावर आपटणारे खेळ टाळा, बाकी सगळे खेळू द्या.

शस्त्रक्रियेनंतर कंपनीचे एक कार्ड मिळते. त्यावर आत बसवलेल्या मशीनचा नंबर असतो. आत लोहचुंबक असल्यामुळे एमआरआय करायची वेळ आली तर ते कार्ड आधी दाखवावे लागते, आणि पुढे कोणत्याही ऑपरेशनच्या वेळीही. मूळ कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डासोबत ठेवा. दोन झेरॉक्स काढा, एक दप्तरात, एक आजीकडे.